‘तुझं तू बघ’ म्हणजे नेमकं काय?

आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलू या. शब्द आहे ‘फेंड’.

मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एका ताईंची दहावीतली लेक आली होती. तिनं विचारलं, “फेंड फॉर हरसेल्फ म्हणजे काय हो?” आम्ही पटकन सांगितलं, “स्वतःच्या पायावर उभं राहणं.” ती म्हणाली, “पण धड्यात तर त्या मुलीला घरच्यांनी टाकलंय!” आम्ही गप्प झालो आणि शब्दकोश उघडला.

टेलिफोनचं पुढचं ‘टेलि’ गळून जसा फोन झाला, तसं ‘डिफेंड’चं ‘डि’ गळून ‘फेंड’ झालं. मूळ लॅटिन शब्द ‘डिफेन्डेरे’. ‘डि’ म्हणजे दूर आणि उरलेल्या भागाचा अर्थ मारणं, ढकलणं. म्हणजे अंगावर आलेला वार दूर ढकलणं. शेताभोवती आपण तारेचं फेन्सिंग करतो ना, तो ‘फेन्स’ शब्दही ‘डिफेन्स’मधूनच आलाय. बंदरात होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून मध्ये जुने टायर टांगतात. त्या टायरचं काम ‘फेंडर’चं.

तेव्हा या शब्दाचा पहिला अर्थ वार थोपवणं. ‘स्वतःचं पोट स्वतः भरणं’ हा अर्थ नंतरचा, सतराव्या शतकातला. इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा ‘सोडून दिलं’ याच्या जोडीनं येतो. आपल्याकडेही तसंच आहे. “तिचं ती बघते” म्हटलं की कौतुक. “तुझं तू बघ” म्हटलं की दार बंद.

त्या मुलीच्या आईला हेच ऐकावं लागलं होतं. नवरा गेल्यावर सासरी म्हणाले, “तुझं तू बघ.” गटानं २०,००० रुपये कर्ज दिलं, ताईंनी शेवयांची मशीन घेतली, हप्ते वेळेवर फेडले. आम्ही प्रत्येक मेळाव्यात त्यांचं उदाहरण देत आलो. पण नवऱ्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलंय का, हे आमच्यापैकी एकीनंही तीन वर्षांत विचारलं नाही. कमावायला शिकवलं, वार थोपवायचा राहूनच गेला.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलगी लग्न झालेली असली तरीही. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा, आणि अर्जाची पोच न विसरता घ्यायची.

गेल्या सोमवारी आम्ही पाचजणी ताईंबरोबर गेलो. अर्ज दिला, पोच घेतली. अजून नोंद व्हायची आहे. घरून बोलणी बसतील याची ताईंना धास्ती आहे, म्हणून आळीपाळीनं एकजण त्यांच्याकडे संध्याकाळी जाते. होडी आणि धक्क्याच्या मध्ये टायर लागतो, तशा.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी एखादी असेल, तर तिचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी एवढं विचारा, “सातबाऱ्यावर नाव लागलं का गं?”