गाडीचा एबीएस काढावा का?

एका भावाने आम्हांला विचारले, "मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला की लिव्हर थरथरतो अन् गाडी पुढेच जाते. हा एबीएस काढून टाकू का?"

त्याचे अगदीच खोटे नाही. सुट्या खडीवर जाम झालेले चाक पुढे खडी साठवते. गाडी कधी कधी लवकर थांबते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. तो ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा धरतो, सेकंदात कितीतरी वेळा. थरथर होते ती हीच.

पण ओल्या डांबरावर म्हैस आडवी आली तर? घाबरलेला हात ब्रेक करकचून दाबणारच. पुढचे चाक जाम झाले, की गाडी हँडलचे ऐकत नाही, माणूस पडतो. म्हणून तर १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. तो काढणे कायद्यातही बसत नाही.

मग आम्ही गाडी पाहिली. टायर पार गुळगुळीत! आधी तो बदला, म्हटले. आणि उतारावर खालचा गिअर टाका.