एका घरात चार तऱ्हेचे केस

समजा, आई नागपूरची आणि वडील अटलांटाचे कृष्णवर्णीय अमेरिकन. आईचे केस सरळसोट. थोरलीचे दाट, लांब, जेमतेम लाट असलेले. धाकट्याच्या डोक्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची वेटोळी, आणि बाबांची त्याहूनही आवळ. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये देशभर मोडीत काढली. २००० च्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा पहिल्यांदाच मिळाली, आणि २०२० मध्ये तशी नोंद ३ कोटी ३८ लाख लोकांनी केली. अशा घरांत न्हाणीघराच्या फळीवर एकच शाम्पू ठेवून बघा. थोरलीचे केस झुळझुळीत होतात आणि धाकट्याचे काथ्यासारखे कोरडे पडतात. त्याच्यासाठी आणलेलं लोण्यासारखं दाट क्रीम तिने लावलं, तर तिचे केस संध्याकाळपर्यंत तेलकट होऊन टाळूला चिकटतात.

गंमत अशी, की चौघांच्याही केसांचं रसायन एकच आहे. केराटिन नावाचं प्रथिन सगळ्यांचं सारखंच. फरक पडतो तो कातडीखाली दोनचार मिलिमीटरवर, केसाच्या मुळाशी. मूळ सरळ असेल तर केस सरळ उगवतो आणि आडवा कापला तर त्याचा छेद बहुधा गोलसर दिसतो. मूळच वाकलेलं असेल तर त्याच्या दोन बाजूंना पेशींची वाढ सारखी होत नाही. केस बाहेर येतो तोच वळण घेऊन, आणि त्याचा छेद चपटा, लंबगोल असतो. केसाचा दिसणारा भाग निर्जीव असतो, त्यामुळे मुळाने दिलेलं वळण तो टोकापर्यंत जपतो.

हे वळण ठरवणारा जनुक एकच नाही. पूर्व आशियातल्या लोकांच्या जाड, सरळ केसांमागे ‘ईडार’ या जनुकातला एक बदल आहे. युरोपीय लोकांच्या सरळ केसांशी ‘टीसीएचएच’ हा भलताच जनुक जोडलेला सापडला. म्हणजे वरवर सारख्या दिसणाऱ्या सरळपणाकडे माणूस वेगवेगळ्या वाटांनी पोचला! अशा अनेक जनुकांची वाटणी दर अपत्यागणिक नव्याने होते, म्हणून सख्ख्या भावंडांच्या केसांचं जमत नाही.

घट्ट कुरळे केस आले कुठून, याचंही एक सुंदर उत्तर २०२३ मध्ये पुढे आलं. मानववंशशास्त्रज्ञ टीना लसीसी आणि सहकाऱ्यांनी शरीरासारख्या तापणाऱ्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे सरळ, मध्यम कुरळे आणि घट्ट कुरळे टोप घातले आणि वरून कृत्रिम ऊन सोडलं. ऊन तिन्हींनी अडवलं, पण डोकं सगळ्यांत थंड राखलं ते घट्ट कुरळ्या टोपाने. माथ्यावर तळपणाऱ्या आफ्रिकी उन्हात आपल्या पूर्वजांच्या मेंदूवर ही छत्री असावी.

याच केसांवरून माणसं वाटलीही गेली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येकाचा वंश नोंदवला जाई. शंका आली की केसांत पेन्सिल खोचायची. पडली तर गोरा, अडकली तर नाही. एका घरातली माणसं अशा कसोट्यांनी वेगवेगळ्या रकान्यांत गेली.

आता पुन्हा त्या फळीकडे. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून द्रुतगती मार्गाने टोकाला पोचतं. कुरळ्या केसावर त्याच्या वाट्याला कसाऱ्याचा घाट येतो, आणि ते मध्येच थांबतं. टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं होतं ते यामुळे. प्रत्येक वळणावर केसाचं वरचं आवरणही जरा उचललेलं असतं. तिथून ओल उडते आणि केस तिथेच तुटतो. म्हणून सरळ, तेलकट केस रोज धुतले तरी चालतात, तर कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच धुण्याचा सल्ला देते. सोडियम लॉरील सल्फेटसारखे कडक फेसाळ घटक थोरलीला मानवतील, पण धाकट्याचं होतं नव्हतं ते तेल धुऊन नेतील.

कंडिशनरचं काम तर बघत राहावं असं आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरच्या मुख्य रेणूंवर धन. त्यामुळे केस जिथे जास्त झिजलाय, तिथेच ते जास्त चिकटतात. धाकट्याचा गुंता सोडवायचा तो याच निसरड्या थरात. केस ओले, चार भाग केलेले, मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून. बोटभर वर सरकायचं, गुंता सुटला की पुन्हा बोटभर. कोरड्या केसांत टाळूपासून फणी ओढायची आईची सवय इथे घात करते. ओली बट हलकेच ताणून सोडली तर ती लांब दिसते, आणि वाळताना आखडत निम्म्याहून कमी उरू शकते. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, त्याचा हा खेळ.

खोबरेलाचं काय? ते बाद होत नाही. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना होणारी केसांतल्या प्रथिनाची गळती फक्त खोबरेलाने कमी केली. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्याने हे तेल केसाच्या आत शिरतं. नाहण्याआधी तेल चोपडणारी आजी बरोबरच होती. मात्र धाकट्याला तेलाआधी पाणी हवं. कोरड्या केसावर नुसतं तेल लावून ओल येत नाही, असलेली तेवढी टिकते.

दुकानात ‘१’ ते ‘४’ असे केसांचे प्रकार छापलेले दिसतील. ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आन्द्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात ही वर्गवारी रूढ केली. ती वळण सांगते. केस जाड की बारीक, दाट की विरळ, हे सांगत नाही. शिवाय एकाच डोक्यावर कपाळाशी एक तऱ्हा आणि मानेशी दुसरी असू शकते. त्यापेक्षा बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचावी. ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पाण्यापाठोपाठ शिया बटर असेल तर ते जाड, घट्ट वेटोळ्यांना लाभतं आणि बारीक केसांना जड होतं.

आणि केस बदलतात. तान्ह्याचं सरळ जावळ जाऊन कुरळे केस येतात, वयात येताना वळण पुन्हा फिरू शकतं. म्हणून बाटली संपली की तीच पुन्हा आणण्याआधी पोराचं डोकं नीट बघून घ्यावं.