आधी हसू, मग घासाघीस

1986 साली पीटर कार्नेव्हाले आणि अ‍ॅलिस आयसेन यांनी एक प्रयोग केला. लोकांना खरेदीदार-विक्रेते बनवून सौद्याला बसवलं. काही जोड्यांना आधी व्यंगचित्रं दाखवली, छोटीशी भेटही दिली. खुशीत असलेल्यांनी दमदाटी कमी केली आणि दोघांच्याही पदरात जास्त पडलं. मन मोकळं असलं की समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारायला सुचतं. दुकानदाराला रोकड आजच हवी, गिऱ्हाइकाला फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवून हवा. हे बोलण्यात निघालं तर सौदा जुळतो, नाहीतर पाचशे रुपयांवर दोघंही अडून बसतात. जिव्हाळा फार असला तर मात्र पंचाईत! संकोचापोटी माणूस मागतच नाही. घरातल्यांशी व्यवहार करताना आपल्या मागण्या आधी कागदावर लिहून ठेवलेल्या बऱ्या.