दाखला नसलेली शाळा

परदेशी बदलीचं पत्र हातात पडलं की घरात दोन याद्या सुरू होतात. एक सामानाची: कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला. दुसरी काळजीची, आणि तिच्यात सर्वांत वर मुलांची शाळा. मुक्काम दोन-तीन वर्षांचा, आंतरराष्ट्रीय शाळेची फी आवाक्याबाहेरची, तिथल्या सरकारी शाळेची भाषा परकी. त्यातून वर्षाच्या मध्येच परतावं लागलं तर? मग अनेक आईवडील ठरवतात, मुलांना घरीच शिकवू. निर्णय धाडसाचा आहे आणि तो उत्तम फळू शकतो. मात्र त्यातले पहिले दोन धडे आईवडिलांनाच गिरवावे लागतात: तिथला कायदा वाचणं आणि शिकवलेल्याची रोज नोंद ठेवणं.

फिरस्त्या घरांची परंपरा

मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थयात्रा करत वर्षानुवर्षं फिरत होतं. त्या भटकंतीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलगी रमाला संस्कृत शिकवलं. शाळेत न शिकलेल्या या मुलीला १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेनं १९०६ पासून घरी शिकवण्याचे धडे टपालानं पाठवायला सुरुवात केली. परदेशी नेमणुकीवरच्या अधिकाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या मुलांनी जगाच्या कानाकोपऱ्यात ते गिरवले.

देश बदलला की नियम बदलतो

पुण्यातून वाहन उद्योगातली अनेक कुटुंबं जर्मनीला जातात. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि देशात वास्तव्य करणाऱ्या परकीयांची मुलंही त्यातून सुटत नाहीत. ही सक्ती १९१९ च्या वायमार राज्यघटनेत आली, १९३८ च्या कायद्यानं ती देशभर एकसारखी आणि कडक झाली, आणि आता प्रत्येक राज्य आपल्या कायद्यानं ती राबवतं. २००६ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही जर्मनीची बाजू मान्य केली. निरनिराळ्या घरांतली मुलं एकत्र वाढावीत, समाजात वेगळे कप्पे पडू नयेत, ही त्यामागची भूमिका. २०१३ मध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या एका कुटुंबाची चार मुलं अधिकाऱ्यांनी तीन आठवडे ताब्यात घेतली होती. २०१९ मध्ये याच न्यायालयानं त्या कारवाईतही हक्कभंग झाला नसल्याचा निर्णय दिला. म्हणून जर्मनीत मुलांना शाळेतच घालावं आणि दुपार-संध्याकाळ आपल्या अभ्यासासाठी राखावी.

इंग्लंडमध्ये याच्या उलट. १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ योग्य शिक्षण मिळेल हे पाहणं पालकांचं कर्तव्य आहे. त्या ‘अन्य प्रकारे’त घर बसतं. ठरावीक अभ्यासक्रमाची सक्ती नाही. मात्र जीसीएसई या तिथल्या शालान्त परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसवायचं तर केंद्र शोधणं आणि फी भरणं आपल्याकडे.

फ्रान्समध्ये पूर्वी फक्त कळवावं लागे. २०२१ च्या कायद्यानंतर, २०२२ च्या शैक्षणिक वर्षापासून, आधी परवानगी लागते. सिंगापूरचा २००३ पासून लागू असलेला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तिथल्या नागरिकांपुरता आहे, नोकरीसाठी आलेल्या परकीयांच्या मुलांना तो बांधत नाही.

अमेरिकेत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण वैध आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. न्यू जर्सीत घरी शिकवत असल्याचं कळवण्याची सक्ती नाही. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला घर घेतलं, की वार्षिक आराखडा द्यायचा, तिमाही अहवाल द्यायचे, वर्षअखेर मूल्यमापन करायचं. पहिली ते सहावीला वर्षाचे ९०० तास आणि पुढे ९९०, हेही ठरलेलं.

परतीची वाट

गावी परतल्यावर शाळा पहिल्यांदा मागते तो शाळा सोडल्याचा दाखला. घरच्या शाळेचा दाखला कोण देणार? भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश घेता येतो, त्यामुळे आठवीपर्यंत वाट मोकळी आहे. खरी कसोटी त्यानंतर. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय टप्प्याटप्प्यानं सोडवता येतात. आखाती देशांतही तिची केंद्रं आहेत. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची, तर आपल्या ओळखीचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, पण त्यालाही आधीच्या शाळेचा दाखला मागतात. म्हणून निघताना जुन्या शाळेचा दाखला आणि गुणपत्रकं घेऊनच विमानात बसावं.

त्यापुढची सगळी भिस्त आपल्या वहीवर. तारीख, विषय, वाचलेली पुस्तकं, सोडवलेली गणितं, मुलाच्या हस्ताक्षरातले नमुने: दर महिन्याला एक जाड फाइल झाली, तर मुख्याध्यापकांपुढे ठेवायला काहीतरी असतं.

घरातला दिवस

समोर एक-दोनच मुलं असली की सकाळचे अडीच-तीन तास मन लावून पुस्तकी अभ्यासाला पुरतात. गणित आणि भाषा नेमानं, रोज. बाकीचं परका गाव शिकवतो: ट्रामचं वेळापत्रक, बाजारातली नाणी, संग्रहालय, दारातला बर्फ. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, आणि अमेरिकेत मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळा आहेत. तिथे भाषेइतकेच महत्त्वाचे असतात ते सवंगडी. घरी शिकणाऱ्या मुलाला खेळायला, भांडायला बरोबरीची मुलं आठवड्यातून दोनतीनदा तरी मिळायलाच हवीत.

आणि आई. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी जणींना तिथे नोकरीची मुभा नसते. मग शाळा आपोआप तिच्या एकटीच्या गळ्यात पडते. गणित बाबांचं, गोष्टी व्हिडिओ कॉलवर आजीच्या, अशी वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरवावी. शिकवणारी दमली, तर ती शाळा चालत नाही.

दिवाळीत गॅलरीत मातीचा किल्ला करा. राजगडाच्या तीन माच्या नकाशावर मोजून प्रमाणात उतरवल्या, की ते गणित. पाणी ओतून ते कुठून वाहतं हे पाहिलं, की भूगोल. शेजारच्या मुलाला त्याच्या भाषेत गडाची गोष्ट सांगितली, की भाषा. रात्री पणती लावून झाली, की त्या फाइलमध्ये एक पान जोडा: तारीख, किल्ल्याचा फोटो आणि खाली मुलानं मराठीत लिहिलेल्या चार ओळी.