शस्त्रक्रियेचे फुटेज कोणी कापावे?

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते 1990 साली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय असो किंवा दुसरे कोणतेही अध्यापन रुग्णालय, तिथल्या शिकवण्याची रीत त्या शस्त्रक्रियेने बदलली. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत विद्यार्थ्याला सर्जनच्या खांद्यावरून जेवढे दिसेल तेवढेच दिसायचे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनची नजरच मॉनिटरवर असते, त्यामुळे सर्जन जे पाहतो तेच ओटीतले (शस्त्रक्रियागृहातले) सगळे पाहतात आणि तेच जसेच्या तसे नोंदवताही येते. तासाभराच्या शस्त्रक्रियेचे तासाभराचे एचडी फुटेज पेनड्राइव्हवर उतरते. त्यातून वर्गात दाखवण्याजोगी आठ मिनिटे कोणी काढायची आणि कशावर, हा प्रश्न तांत्रिक वाटतो खरा, पण तो मुळात शिकवण्याचा प्रश्न आहे. हे काम शस्त्रक्रिया जाणणाऱ्यानेच, विभागातल्या साध्या लॅपटॉपवर करावे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप लॅपटॉपचाच येतो. फुटेज टाइमलाइनवर टाकले की चित्र अडखळते, पंखा घोंघावू लागतो, थोडे मागे जायचे म्हटले की सॉफ्टवेअर हँग होते. तेव्हा हे काम महागड्या वर्कस्टेशनचे, असा निष्कर्ष निघतो. अडखळण्याचे कारण मात्र नीट पाहायला हवे. फुल एचडीच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सहा एमबीहून मोठी होते, सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे 155 एमबी, आणि तासाला जवळजवळ 560 जीबी. रेकॉर्डर हे सगळे सेकंदाला 20 मेगाबिटच्या वेगाने नोंदवतो, तेव्हा तासाची फाइल होते फक्त 9 जीबीची. साठपटींहून अधिक आकुंचन होते ते कसे? एच.264 पद्धतीत दर काही फ्रेमनंतर एक फ्रेम पूर्ण साठवली जाते. मधल्या फ्रेमसाठी शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. गावात एका घराचा पत्ता पूर्ण लिहावा आणि बाकीच्यांचा ‘त्यांच्या शेजारी’ असा लिहीत जावे, तसे हे आहे. सरळ पुढे चालत गेले तर घरे सापडतात. पण एडिटर पुढे जातो, मागे येतो, मध्येच थांबतो आणि एकाच फ्रेमवर कट मारतो. अशा प्रत्येक उडीला लॅपटॉपला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशेब मांडत यावे लागते. फाइल साठवण्यासाठी आणि पाहण्यासाठी बनवलेली आहे, आपण ती कापायला घेतो. दोष यंत्राच्या ताकदीत कमी आणि कामाच्या क्रमात जास्त आहे.

म्हणून क्रम बदलावा. मूळ फाइल बाजूला ठेवून तिची हलकी नक्कल, म्हणजे प्रॉक्सी, आधी तयार करावी: 960 गुणिले 540 आकाराची, जिच्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण आहे अशी. बिंदू थेट चौथाईवर येतात आणि मागेपुढे उड्या मारताना हिशेबाची साखळीच उरत नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे आणि ती जुन्या लॅपटॉपवरही चालतात. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो, हे खरे. तो वेळ रात्रीचा असू शकतो, आणि वर्ध्यात उन्हाळ्यात तो रात्रीचाच असावा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा दुपारी तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. तेच काम मग कितीतरी रेंगाळते. गादीवर ठेवून हवेची भोके बुजवलेल्या लॅपटॉपची गत तर विचारू नये. दुसरीकडे, एक्सपोर्ट अर्ध्यावर आलेले असताना वीज गेली तर यूपीएस नसलेला डेस्कटॉप तिथेच मरतो, लॅपटॉप बॅटरीवर काम पुढे नेतो. विदर्भात ही गोष्ट लहान नाही.

प्रॉक्सीमुळे बारकावे जातील, अशी शंका सर्जन हमखास काढतात आणि ती रास्त आहे. पण कट प्रॉक्सीवर ठरतो आणि अंतिम फाइल मूळ फुटेजमधून बनते; सॉफ्टवेअर शेवटी फक्त जोडणी बदलते. ऊतक नीट पाहूनच निर्णय घ्यायचा असेल तर तेवढ्या जागी मूळ चित्रावर जाता येते. नव्या लॅपटॉपच्या चिपमध्ये एच.264 उलगडण्याची वेगळी सोय असते, मग प्रॉक्सी कशाला, असेही विचारले जाते. एकच चित्र सरळ चालवायचे असेल तर खरोखर गरज नाही. पण पोटातले चित्र आणि सर्जनच्या हातांचे बाहेरून घेतलेले चित्र एकाच पडद्यावर शेजारी ठेवायचे झाले, की त्या सोयीवरही ताण येतो. शिवाय विभागात असतो तो लॅपटॉप क्वचितच नवा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लग्नाचे व्हिडिओ करणारे एडिटर आपल्याकडे तालुक्यातालुक्यात आहेत. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर त्यांचे हात ज्या सफाईने चालतात ती सफाई डॉक्टरला चार वर्षांतही येणार नाही. मग हे काम त्यांना का देऊ नये? कारण इथला कट हा वैद्यकीय निर्णय आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतली मोठी भीती म्हणजे मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून कापणे. ती टाळण्यासाठी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये एक कसोटी सुचवली: नळी आणि धमनी यांच्याभोवतीची चरबी व तंतू साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला असावा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसाव्यात. हे दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. फुटेजमध्ये ही स्थिती येईपर्यंत वीस-वीस मिनिटे हुक चरबीचे पापुद्रे सोडवत राहतो. ज्याला शस्त्रक्रिया माहीत नाही त्याला ती वीस मिनिटे कंटाळवाणी वाटणार, आणि क्लिप लावण्याचा, कात्री चालण्याचा क्षण नाट्यमय. तो पहिले उडवेल आणि दुसरे ठेवेल. विद्यार्थ्याला हवे असते नेमके उलटे. कात्री चालवणे कोणालाही जमते. कधी चालवायची नाही, हे त्या वीस मिनिटांत कळते. त्यातली कोणती तीन मिनिटे ठेवली तर ऊतकांचे थर कसे सुटतात ते समजेल, हे ज्याने निदान कॅमेरा धरून ती शस्त्रक्रिया पाहिली आहे तोच सांगू शकतो.

रंगाचेही असेच. व्यावसायिक एडिटरचा हात सवयीने रंग खुलवण्याकडे जातो. लग्नात शालू उठून दिसावा म्हणून ते बरोबरच. इथे पित्ताचा हिरवट पिवळेपणा, रक्तपुरवठा कमी झालेल्या आतड्याचा काळसरपणा ही माहिती आहे. ती खुलवली की खोटी होते. स्वस्त लॅपटॉपचा पडदा किंचित कलला तरी रंग बदलतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच: रंगाला हात लावू नये आणि तयार झालेली फाइल वर्गातल्या मोठ्या पडद्यावर एकदा पाहून मगच ती अंतिम मानावी.

फुटेज बाहेर न देण्याचे दुसरे कारण रुग्ण आहे. अनेक यंत्रांवर चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख उमटते. दुर्बिणीचे भिंग पुसायला ती पोटाबाहेर काढली की काही सेकंद ओटीतले चेहरे, भिंतीवरचा फळा, कधी टेबलावरचा रुग्णही चित्रात येतो. फाइलला रुग्णाचेच नाव दिलेले असते ते वेगळेच. हे सगळे संमती घेऊनही झाकावे लागते, तेही पहिल्याच फेरीत, प्रॉक्सी बनवण्याआधी. नाहीतर झाकायची वस्तू दोन ठिकाणी होऊन बसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली आला, पण रुग्णाची ओळख जपण्याचे कर्तव्य त्याहून फार जुने आहे. लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो, बसमध्ये राहू शकतो, असे कोणी म्हणेल. म्हणूनच फुटेज पासवर्डने कुलूपबंद केलेल्या बाहेरच्या डिस्कवर ठेवावे, तिची दुसरी प्रत विभागात असावी, आणि काम संपताच लॅपटॉपवरून सगळे पुसावे. कॉपी करताना एक सावधगिरी मात्र सांगतोच. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असेल तर एक फाइल 4 जीबीपलीकडे जात नाही, त्यामुळे 20 मेगाबिटवर नोंदवताना रेकॉर्डर साधारण 28 मिनिटांनी नवी फाइल उघडतो. तासाच्या शस्त्रक्रियेचे तीन तुकडे होतात. तिसरा तुकडा चार-पाच मिनिटांचा, म्हणून दुर्लक्षित राहतो, आणि रक्तस्राव थांबला आहे की नाही याची शेवटची तपासणी बहुधा त्यातच असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तासाचे आठ मिनिटांत आणणे म्हणजेच खोटे दाखवणे, असे काही ज्येष्ठ शिक्षक मानतात. संपादित चित्रात शस्त्रक्रिया सोपी दिसते, रक्तस्राव नाहीसा होतो, चाचपडणे नाहीसे होते आणि पाहणारा फाजील आत्मविश्वास घेऊन ओटीत जातो. हे घडते, आणि त्याला उत्तर म्हणून सगळे फुटेज न कापता दाखवा म्हणणे समजण्यासारखे आहे. पण तासभर कोणी पाहत नाही. पाहणारा स्वतःच फुटेज पुढे ढकलतो, म्हणजे कापतोच, फक्त न शिकलेल्या हाताने. त्यापेक्षा कापणाऱ्याने प्रामाणिक राहावे. जिथे वेळ गाळला तिथे किती मिनिटे गाळली ते पडद्यावर लिहावे. वेग वाढवला असेल तर तेही लिहावे. रक्तस्राव झाला असेल तर तो आणि त्यावर केलेला उपाय दोन्ही ठेवावेत, आणि उपाय सुचायला लागलेला वेळ छाटू नये. मागे संगीत घालू नये. मूळ फुटेज जपून ठेवावे, म्हणजे शंका आली तर ताडून पाहता येईल. हे नियम पाळायचे तर कुठे काय घडले हे कळणारा माणूसच कापणारा हवा, आणि इथे आपण पुन्हा मूळ म्हणण्यापाशी येतो.

राहिला वेळेचा मुद्दा. रेसिडेंटला झोपायला वेळ मिळत नाही, तो एडिटिंग कधी करणार? हे ओझे त्याच्या कामाव्यतिरिक्त लादले तर ते अन्यायाचेच ठरेल. पण तासभराचे फुटेज पुन्हापुन्हा पाहणे, कोणत्या टप्प्याला काय केले ते ठरवणे, ते शब्दांत मांडणे, हा अभ्यासच आहे आणि तो अभ्यास म्हणून मोजला जावा. लग्नाच्या एडिटरकडूनही शिकण्यासारखे आहे: क्लिपना नावे कशी द्यावीत, नकला कुठे ठेवाव्यात, एक्सपोर्टला कोणती मापे लावावीत. त्याला विभागात सन्मानाने आणि मानधन देऊन शिकवायला बोलवावे. फुटेज त्याच्या दुकानात पाठवू नये. सावंगीपासून महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत शस्त्रक्रिया विभागप्रमुखांना विनंती एवढीच: पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षात, रुग्णाच्या संमतीने, एका शस्त्रक्रियेचे फुटेज त्याच्याकडून कापून घ्या, ते सर्वांसमोर लावा, आणि प्रत्येक कट का मारला हे त्याला विचारा.