कोणती कळ सोसायची आणि कोणती नाही : नव्या स्केट्सबद्दलचे गैरसमज

२०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेमध्ये भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती. अशी बातमी आली, त्यात उन्हाळी शिबिराची पत्रकं लागली, की बुलडाणा, खामगाव, चिखलीकडच्या घरांतही ‘मला स्केट्स पाहिजेत’ हा हट्ट सुरू होतो. जिल्ह्यात बर्फाची रिंक नाही. स्केटिंग चालतं ते शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, नाहीतर बास्केटबॉलच्या कोर्टवर. स्केट्स बहुधा ऑनलाइन मागवले जातात, म्हणजे पायात घालून बघण्याआधीच पैसे भरलेले असतात. मग पोरगं दुखतंय म्हणालं की घरातला प्रत्येक जण एकेक सल्ला देतो. त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

गैरसमज : वाढत्या पायाला दोन नंबर मोठेच घ्यावेत.

वस्तुस्थिती : ‘पोराचा पाय वाढून रायला, मोठाच घेऊन टाका’ हा हिशेब शाळेच्या बुटाला चालून जातो, स्केट्सला चालत नाही. बूट सैल असला की टाच आत वर-खाली होते, घोटा डुलतो आणि टाचेला फोड येतात. पुढे कापूस कोंबला तरी टाच सैलच राहते, कारण पाय धरून ठेवायचं काम पुढच्या भागाचं नसून टाचेच्या वाटीचं असतं.

माप घरीच घेता येतं. संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून मुलाला उभं करा आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने रेघ मारा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा. हे सेंटिमीटर कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. चपलेच्या नंबरावर जाऊ नका, कारण भारतीय, युरोपीय आणि अमेरिकी नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. बर्फावरच्या हॉकीचे स्केट्स तर नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घेतले जातात. पाय भराभर वाढत असेल, तर कळ दाबून तीन-चार नंबर लांब करता येणारे स्केट्स मिळतात. वाढत्या वयाची सोय करायची ती अशी.

माप बरोबर आहे हे कळतं कसं? सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की जराशी मागे सरकतात. ही परीक्षा घरात सतरंजीवर अर्धा तास करावी. चाकं एकदा रस्त्यावर घासली, की दुकानदार माल परत घेत नाही.

गैरसमज : थोडे दिवस कळ सोसा, बूट आपोआप सैल होतात.

वस्तुस्थिती : इनलाइन, म्हणजे चाकं एका रांगेत असलेल्या स्केट्सचं बाहेरचं कवच बहुधा कडक प्लॅस्टिकचं असतं. ते चामड्याच्या चपलेसारखं ताणत नाही. दबतं ते फक्त आतलं अस्तर, आणि तेही थोडंच. म्हणून दुखणं दोन प्रकारचं आहे हे आधी ओळखावं.

तळपायाच्या कमानीत आणि नडगीच्या बाजूला येणारा थकवा हे स्नायूंचं दुखणं आहे. तोल सांभाळायची सवय नसलेले स्नायू कामाला लागलेले असतात. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच चालवावं, मग वेळ वाढवावा. हे दुखणं सरावाने जातं. बोटं दुमडणं, पाय बधिर होणं, नख काळं पडणं, दर वेळी त्याच हाडावर फोड येणं हे मात्र मापाचं दुखणं आहे. ते कितीही दिवस सोसलं तरी जात नाही. स्केट्स काढल्यावर मोजे उतरवून पाय नीट पाहावा. उमटलेले लाल वळ अर्ध्या तासात मावळले तर काळजी नाही. तिथेच राहिले, तर बूट बदलावा.

हॉकीच्या बऱ्याच आइस स्केट्सना दुकानातल्या ओव्हनमध्ये सुमारे ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवून पायाचा आकार देतात. ते ऐकून कुणी साधे स्केट्स गॅसजवळ धरू नयेत की उन्हात तापवू नयेत. ज्या बुटावर तशी सोय असल्याचं कंपनीने लिहिलेलं नाही, त्याचा डिंक सुटतो आणि कवच वाकडं होतं.

गैरसमज : पाय आत वळतात, म्हणजे घोटे कमजोर आहेत.

वस्तुस्थिती : घोट्यांना दोष देण्याआधी बूट कसा बांधला ते पाहावं. पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोन-तीनदा ठोकावी, म्हणजे ती वाटीत बसते. मग नाडी बोटांजवळ सैल, पावलाच्या मधोमध आणि घोट्याच्या बेचक्यात घट्ट, आणि वर गुडघा पुढे झुकेल इतपत ढिली ठेवावी. वरचं बक्कल सगळ्यात शेवटी लावावं. सगळीकडे सारखीच आवळली, तर पाय बधिर होतो आणि घोट्याच्या समोर नाडी काचते.

जाड मोज्यांनी किंवा दोन मोजे घातल्याने आराम मिळतो, हेही खरं नाही. थरावर थर घसरतो आणि फोड वाढतात. पायाला चिकटून बसणारा, घोट्याच्या वर येणारा एकच पातळ मोजा पुरतो.

गैरसमज : चाक हाताने जितका वेळ फिरेल, तितका स्केट चांगला.

वस्तुस्थिती : दुकानात चाकाला टिचकी मारून दाखवतात, तेव्हा त्यावर कुणाचं वजन नसतं. वंगण जवळजवळ नसलेलं बेअरिंग हातात फार वेळ फिरतं. खोक्यावरचा एबीईसी ५, ७, ९ हा आकडा बेअरिंग किती काटेकोर घडवलं आहे तेवढंच सांगतो, आणि ही प्रतवारी मुळात फार वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी आहे. ८० मिलिमीटरचं चाक ताशी २० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतं. यंत्रांच्या हिशेबात हा वेग किरकोळ आहे. शिकणाऱ्याला त्या आकड्याचा फरक जाणवणारही नाही.

फरक पडतो तो धुळीने आणि पाण्याने. काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळाभर धूळ उडते आणि ती बेअरिंगमध्ये शिरते. त्यात खोबरेल तेल घातलं की धूळ चिकटून खळ होते. बेअरिंग काढून स्वच्छ करावं, पूर्ण वाळवावं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. पावसात भिजलेले स्केट्स तसेच पिशवीत कोंबले, तर बेअरिंग गंजतं.

गैरसमज : एकदा स्केटिंग आलं की कुठलेही स्केट्स चालतात.

वस्तुस्थिती : थांबायची रीत प्रत्येकात वेगळी असते. चार चाकं दोन-दोनच्या जोडीत असलेल्या क्वाड स्केटला ब्रेक पुढे, बोटांखाली असतो. शिकाऊ इनलाइन स्केटला तो बहुधा उजव्या टाचेमागे असतो. इनलाइन हॉकीच्या स्केटला ब्रेक नसतोच. क्वाडची सवय असलेलं मूल इनलाइनवर थांबायला पुढे झुकतं, तिथे टेकायला काही नसतं आणि ते तोंडावर आपटतं. म्हणून नवा जोड आला की आधी थांबणं आणि पडणं शिकावं, तेही सपाट जागेवर. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं आहे. तिथला घाटाकडे उतरणारा रस्ता पहिल्या दिवसांसाठी नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे या खेळात मनगटाची इजा फार होते. हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्डही म्हणूनच हवेत.

गैरसमज : इथे सिमेंटवर शिकून बर्फावर काही उपयोग नाही.

वस्तुस्थिती : उपयोग आहे, पण सगळाच नाही. भारताच्या महिला आइस हॉकी संघाने २०२५मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून इकडच्या मुलांनाही बर्फाचं आकर्षण वाटू लागलं आहे. सिमल्याची नैसर्गिक रिंक १९२०पासून आहे, गुरुग्रामला मॉलमध्ये रिंक आहे. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने भाड्याचेच स्केट्स घ्यावेत. स्वतःचा नवा जोड नेला, तर आधी धार लावून घ्यावी, कारण बरेचसे आइस स्केट्स खोक्यातून निघतात तेव्हा त्यांना खेळण्यालायक धार नसते. पात्याच्या मधोमध खाच असते आणि तिच्या दोन्ही काठांना धार. हे पातं घेऊन फरशीवर चाललं की धार बोथट होते, म्हणून रिंकबाहेर पात्यावर संरक्षक पट्टी चढवतात. गुडघे वाकवणं, एका पायावर वजन घेणं, बाजूला रेटा देणं हे सिमेंटवर कमावलेलं सारं तिथे कामी येतं. थांबणं मात्र पात्याच्या धारेवर आडवं वळून करायचं असतं, ते पहिल्यापासून शिकावं लागतं.