ताटाची डावी बाजू, दिलसुखनगरात

माझी भाची नांदेडहून हैदराबादला आली, ती बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी. काचीगुड्याला गाडीतून उतरली आणि दिलसुखनगरच्या एका हॉस्टेलात राहायला गेली. तिथल्या प्रत्येक गल्लीत एक क्लास, दोन हॉस्टेलं आणि चार टिफिन सेंटर. महिनाभराने मी भेटायला गेले, तर म्हणाली, "आत्या, एकदा हमस खायचंय. मोबाइलवर रोज बघते. इथे मिळेल?"

मिळालं. मुख्य रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, खिडकीबाहेर मेट्रोचे खांब दिसणाऱ्या एका हॉटेलात. आम्ही शाकाहारी थाळा मागवला. हमस, फलाफल, बाबा गनूश, सोबत पिटा नावाची जाड, मऊ रोटी. हमस पांढरं, गुळगुळीत आणि गोडसर होतं. त्यात तिळाचा पत्ताच नव्हता, मेयोनीज मात्र भरपूर. फलाफल म्हणून आली होती ती बेसनाची भजी. मला वाईट वाटलं. पोरगी इतक्या हौसेने आली होती. पण बाबा गनूश खरं निघालं. तिने पिट्याचा तुकडा त्यात बुडवला, तोंडात घातला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आत्या, हे तर भरीत आहे!"

भरीतच आहे ते. वांगं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं, साल काढायची, गर ठेचायचा. आपण त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालतो, वरून फोडणी किंवा दही. लेबनॉन-सीरियाकडे लसूण, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल घालतात. तिळाचं वाटण घातलं की त्याला तिकडे बऱ्याच ठिकाणी मुतब्बल म्हणतात. आणि तिसरं भरीत दिलसुखनगरातच आहे: 'काल्चिन वंकाया पच्चडी'. भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, चिंच आणि मीठ, सगळं उखळात ठेचलेलं. तिन्हींना चव येते ती जळलेल्या सालीच्या धुराची. ज्या हॉटेलात वांगं ओव्हनमध्ये नुसतं उकडल्यासारखं शिजवतात, तिथे ती चव येत नाही, मग वर कितीही महागडं तेल ओता.

हे साम्य योगायोगाचं नाही. वांगं मूळचं आपल्याकडचं. संस्कृतात त्याला वातिंगण म्हणत, त्यातूनच आपलं वांगं आलं. फारसीत त्याचं बादिंगान झालं, अरबीत बादिंजान. अरबांबरोबर ते भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत पोचलं. पोर्तुगिजांनी त्याला बेरिंजेला म्हटलं आणि तोच शब्द जहाजात बसून परत आला. हैदराबादच्या मेनूकार्डावर आज 'ब्रिंजल' छापलेलं असतं, त्यामागे असं अर्धं जग फिरून केलेला प्रवास आहे. तिळाचंही तसंच. तीळ या उपखंडातलं फार जुनं पीक, हडप्पात त्याचे दाणे सापडलेले आहेत. हलके भाजून, वाटून त्याचं सरसरीत वाटण केलं की त्याला ताहिनी म्हणायचं. ज्या घरात संक्रांतीला तीळ भाजतात आणि कारळा-तिळाची चटणी कुटतात, त्या घराला ताहिनी परकी कशी वाटेल?

हरभरा मात्र तिकडून इकडे आला. आग्नेय तुर्कस्तानात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने तो पेरायला सुरुवात केली. आपला बारीक, तपकिरी हरभरा फार जुन्या काळी आला, मोठा पांढरा त्यामानाने अलीकडे, अफगाणिस्तानच्या वाटेने, म्हणून तो काबुली. हमस या अरबी शब्दाचा अर्थही नुसता 'हरभरा'. पूर्ण नाव 'हमस बि ताहिना', म्हणजे तिळाच्या वाटणातला हरभरा. तीळ नसेल तर ते हमस नव्हेच, हे नावातच सांगितलेलं आहे.

भाचीला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. अशा छोट्या छोट्या वाट्यांच्या जेवणाला तिकडे 'मेझे' म्हणतात. हा शब्द फारसी 'मझा'वरून आला, अर्थ चव, स्वाद. आपली 'मजा' तिथूनच आली.

मेझे समजावून सांगायला मला आपलं वाढलेलं ताट फार उपयोगी पडलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, भरीत हे सगळं डाव्या बाजूला, चिमूट-चिमूट. उजवीकडे भाजी आणि आमटी, मधे भात. भूमध्य समुद्राकाठचं जेवण म्हणजे ही डावी बाजूच ताटभर पसरलेली. लॅब्ने म्हणजे चक्का. आपण त्यात साखर-वेलची घालून श्रीखंड करतो, ते मीठ आणि तेल घालून रोटीला लावतात. ताबूलेह म्हणजे लापशीसारख्या भरडलेल्या गव्हात बचकभर हिरवी पानं. गहू कमी, पाला जास्त. दोल्मा या तुर्की शब्दाचा अर्थच 'भरलेलं'. द्राक्षाची पानं, मिरच्या, वांगी, जे भरता येईल ते. भरल्या वांग्याची आपली भाषा त्यांना लगेच कळेल.

हैदराबादला तर हा समुद्र मुळीच लांबचा नाही. चांद्रायणगुट्ट्याजवळच्या बारकसमध्ये येमेनच्या हदरमौत भागातून आलेल्या अरबांची वस्ती निजामाच्या काळापासून आहे. शहराची हलीम, जिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती अरबांच्या गहू-मांसाच्या हरीसचीच लेक. आणि 1931 मध्ये निजामाच्या दोन मुलांची लग्नं झाली ती फ्रान्समधल्या नीस शहरात, भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर. थोरल्या सुनेचं नाव दुर्रुशेहवार, शेवटच्या उस्मानी खलिफाची लेक. धाकटी नीलोफर, तिच्या नावाचं मुलांचं हॉस्पिटल आजही शहरात आहे. अशी सोयरीक असलेल्या गावाला ही चव नवी कशी म्हणायची?

आता थोडं आरोग्याबद्दल, कारण हे जेवण आज विकलं जातं ते त्याच नावावर. अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी भरपूर तेल खात, पण ते ऑलिव्हचं. ताटात डाळी, पालेभाज्या, धान्य, फळं आणि मांस क्वचित. त्यांच्यात हृदयविकार फार कमी आढळला. पुढे 2010 मध्ये युनेस्कोने या आहारपद्धतीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण क्रीटचा तो शेतकरी हॉटेलात बसून चीजचा थर दिलेलं काही खात नव्हता. तो गरीब माणसाचं जेवण जेवत होता. मेनूकार्डावर 'मेडिटरेनियन' लिहिलं की पदार्थ आपोआप हलका होत नाही, हे मला भाचीला आग्रहाने सांगावंसं वाटलं.

1958 मध्येच, कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा हैदराबादला हलली. पुढे तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. ती तार्नाक्याला आहे, दिलसुखनगरहून फार लांब नाही. या संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली, एकूण 17. त्यात ताटाचं चित्र आहे आणि त्या ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाने सुमारे 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं खावीत, तेल-तूप 27 ग्रॅमच्या आसपास ठेवावं. घरी एकदा 400 ग्रॅम भाजी तोलून बघा. परातभर होते. आपल्या ताटातली चमचाभर भाजी त्यापुढे किती थोडी, ते डोळ्यांना दिसतं. तेलाचं म्हणाल तर ऑलिव्ह तेलाचा मोठा गुण म्हणजे त्यातली एक-असंतृप्त स्निग्धाम्लं, आणि शेंगदाणा तेलातही जवळजवळ निम्मी तीच असतात. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरणाऱ्या घराने ऑलिव्हच्या बाटलीसाठी पोटाला चिमटा काढायची गरज नाही.

भाजी हाच जेवणाचा मुख्य भाग मानायचा, तर दिलसुखनगरने त्यासाठी स्वतःची एक सोय कधीच उभी केली आहे: करी पॉइंट. भात घरी किंवा खोलीवर कुकरला लावायचा, बाकी सगळं इथून न्यायचं. संध्याकाळी सातच्या सुमाराला जा. फळीवर ओळीने स्टीलची पातेली असतात. गुत्ती वंकाया, म्हणजे भरली वांगी. बेंडकाया, म्हणजे भेंडी. दोंडकाया, म्हणजे तोंडली. बीरकाया, म्हणजे दोडका. पालकाचं, टोमॅटोचं आणि गोंगुऱ्याचं पप्पू, म्हणजे वरण. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, त्यामुळे मराठवाड्याच्या माणसाला त्या पातेल्यापाशी माहेरचं वाटतं. 1956 पर्यंत नांदेड-परभणी आणि हे शहर एकाच राज्यात होतं, हे कुठल्या पुस्तकापेक्षा अंबाडीच्या वरणात जास्त कळतं.

तिथली अम्मा पळीने भाजी पातळ पिशवीत ओतते, तोंड पिळते, बोटाभोवती दोरा तीनदा फिरवते आणि तोडते. सगळं दोन श्वासांत. तेवढ्यात पुढच्या पोराला विचारते, पप्पू किती? कुठल्या महागड्या हॉटेलच्या पांढऱ्या ताटलीपेक्षा मला ही फळी जास्त मोलाची वाटते. शेकडो पोरंपोरी, घरापासून दूर, अभ्यासाच्या ताणात, रोज इथे डाळ आणि भाजी खातात. उणं काढायचं तर दोन: तेल हात सोडून घातलेलं असतं आणि उकळती भाजी प्लास्टिकच्या पिशवीत जाते. दुसऱ्याचा उपाय सोपा आहे, डबा न्या. अम्मा आनंदाने डब्यात घालते, आणि चमचाभर जास्तच.

मग बाहेर जाऊन हमस खायचंच नाही का? जरूर खा. 24 सप्टेंबर 2018 ला अमीरपेट ते एल. बी. नगर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून दिलसुखनगरच्या पोरांना पश्चिमेकडच्या चकचकीत हॉटेलांपर्यंत जाणं सोपं झालंय. अमीरपेटला गाडी बदलली की थेट रायदुर्ग. फक्त जाल तिथे दोन-तीन प्रश्न विचारा. हमसमध्ये ताहिनी घालता का? फलाफल भिजवलेल्या काबुली चण्याचं की बेसनाचं? खरं फलाफल न शिजवलेल्या, नुसत्या भिजवलेल्या आणि जाडसर वाटलेल्या चण्याचं असतं, अगदी आपल्या डाळवड्यासारखं. मोडलं की आत हिरवं, भुसभुशीत दिसलं पाहिजे. (इजिप्तमध्ये ते मोठ्या घेवड्यासारख्या फावा बियांचं करतात.) आणि पांढऱ्या सॉसबद्दल नक्की विचारा. लेबनॉनचं मूळ तूम म्हणजे लसूण, तेल, लिंबू आणि मीठ, भरपूर घोटून फुलवलेलं. त्यात अंडं नसतं. आपल्याकडे शॉर्म्याच्या गाड्यांवर त्याची जागा मेयोनीजने घेतली आणि ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस तेलंगण सरकारला कच्च्या अंड्यांच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घालावी लागली, लोक आजारी पडले म्हणून. शाकाहारी माणसाला तर हा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा.

त्या संध्याकाळी हॉटेलातून निघताना भाचीने उरलेले दोन पिटे कागदात बांधून घेतले. टाकवेनात तिला. हॉस्टेलकडे वळताना करी पॉइंट लागला. तिने पातेल्यांवरून नजर फिरवली आणि आत्ताच शिकलेल्या तेलुगूत विचारलं, "अम्मा, वंकाया पच्चडी उंदा?"

होती. शेवटची वाटीभर. अम्माने ती आमच्या डब्यात खरवडून घातली. भाचीला धीर नव्हता. रस्त्याकडेच्या ओट्यावर बसून तिने पिटा फाडला, पच्चडीत बुडवला आणि पहिला घास माझ्यापुढे धरला.